कावळा, फांदी आणि ६० नॅनोसेकंद

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं म्हणताना आपण कावळ्याला निर्दोष सोडत असतो. फांदी आधीच किडलेली होती, कावळा बिचारा नेमका त्या क्षणी आला, बस्स. पण समजा, फांदी खरंच कावळ्यामुळे तुटली की नाही, हे तुम्हाला शोधून काढायचंय. तर काय कराल? दोन गोष्टी लागतील. एक, कावळा कधी बसला आणि फांदी कधी तुटली हे अचूक सांगणारं घड्याळ. दुसरी, कावळ्यांचा आणि फांद्यांचा काहीही संबंध नसता तरी अशा गाठी किती वेळा पडल्या असत्या, याचा हिशोब.

कणभौतिकीच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा मोठा भाग या दोन गोष्टींनी व्यापलेला आहे. आपल्यापर्यंत पोचतात ती कणांची नावं. पॉझिट्रॉन, न्यूट्रिनो, हिग्ज. त्यांच्या मागे उभी असते एक यंत्रणा, जी सांगते की ‘हे दोन सिग्नल एकाच वेळी आले, म्हणजे ही नोंद ठेवा’. या निर्णयाला म्हणतात ट्रिगर. आणि ‘एकाच वेळी’ म्हणजे नक्की किती एकाच वेळी, हे ठरवणाऱ्या भागाला टायमिंग. हा लेख या दोघांबद्दल आहे. त्याहून जास्त तो एका कंटाळवाण्या प्रश्नाबद्दल आहे: ही यंत्रणा बरोबर चाललीये, हे तपासायचं कसं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भौतिकशास्त्रज्ञ नाही. आमच्या क्षेत्रात ‘त्याला टेस्टिंगला टाकलंय’ हे वाक्य बऱ्याचदा सहानुभूतीच्या सुरात म्हटलं जातं. खरं काम म्हणजे नवीन काहीतरी बांधणं, तपासणं हे उरलेलं काम, असा एक न बोललेला समज असतो. या इतिहासात मला रस वाटायला लागला तो याच कारणाने. इथे तपासणी हे उरलेलं काम नव्हतं. कधी तपासणीतूनच शोध लागला, कधी तपासणीनेच शोध मोडून काढला.

बर्लिनमधली दोरीवरची धुणी

१९२४ साली नील्स बोर, हेंड्रिक क्रेमर्स आणि जॉन स्लेटर यांनी एक धाडसी कल्पना मांडली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अणूंच्या पातळीवर प्रत्येक घटनेत पाळला जातोच असं नाही, तो फक्त सरासरीने खरा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे एखाद्या दुकानदाराच्या एकेका बिलात गडबड असेल, पण महिनाअखेरीचा ताळा जुळतो, तसं काहीसं.

हे खरं की खोटं हे तपासायला बर्लिनमध्ये वाल्टर बोथे आणि हान्स गायगर पुढे आले. बोथे पहिल्या महायुद्धात रशियाच्या ताब्यात सापडला होता, सायबेरियात युद्धकैदी म्हणून राहून १९२० मध्ये परत आला होता. त्यांची युक्ती सरळ होती. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळला की किरण एकीकडे वळतो आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे उडतो. ऊर्जेचा नियम प्रत्येक घटनेत पाळला जात असेल, तर वळलेला किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन यांची वेळ एकच असायला हवी. नियम नुसता सरासरीचा असेल, तर दोघांच्या वेळा एकमेकांशी जुळायचं कारण नाही.

त्यांनी दोन काउंटर समोरासमोर ठेवले, एक किरणासाठी, एक इलेक्ट्रॉनसाठी. दोघांच्या नोंदी सरकत्या फिल्मवर शेजारी शेजारी उमटायच्या. मग डोळ्यांनी बघायचं, की दोन्हीकडे एकाच जागी खूण आहे का. वेळेची अचूकता होती सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाची. फिल्म इतकी लागली, की पट्ट्या वाळत घातल्यावर प्रयोगशाळा धोबीघाटासारखी दिसायची, अशी आठवण बोथेने पुढे नोबेलच्या भाषणात सांगितली आहे.

१९२५ मध्ये निकाल आला. गाठी पडत होत्या, आणि नुसत्या योगायोगाने पडल्या असत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. बोर आणि मंडळींनी आपली कल्पना सोडून दिली. ऊर्जेचा नियम प्रत्येक बिलाला लागू होता.

या पद्धतीला इंग्रजीत नाव पडलं ‘कोइन्सिडन्स’. मराठीत त्याचा सरळ अर्थ योगायोग. पण पद्धत करते नेमकं उलटं. जे योगायोगाने एकत्र आले त्यांना वगळून, जे एकाच कारणाने एकत्र आले त्यांना ती पकडते. याच पद्धतीसाठी बोथेला १९५४ चं नोबेल मिळालं, माक्स बोर्नबरोबर विभागून.

तीन व्हॉल्व्हचं सर्किट

१९२८ मध्ये गायगर–म्युलर काउंटर आला. दुसऱ्याच वर्षी बोथे आणि वेर्नर कोल्हर्स्टर यांनी असे दोन काउंटर एकावर एक ठेवले आणि मध्ये सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा सोन्याचा ठोकळा सरकवला. तरीही दोन्हीकडे एकदम टिकटिक होत राहिली. आकाशातून येणारं काहीतरी सोन्याच्या आरपार जात होतं, आणि जाता जाता दोन्ही काउंटर वाजवत होतं.

त्यांचा पेपर इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीच्या टेकडीवर, ब्रुनो रोस्सी नावाच्या २४ वर्षांच्या पोराने वाचला. ही तीच टेकडी, जिथे गॅलिलिओने नजरकैदेतली अखेरची वर्षं काढली. रोस्सीने काही महिन्यांत स्वतःचं सर्किट बनवलं आणि १९३० मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं.

सर्किट असं होतं. तीन व्हॉल्व्ह, तिघांच्या प्लेट एकत्र जोडलेल्या. एरवी तिन्हींतून करंट वाहतो आणि जोडावरचा व्होल्टेज खाली दबलेला असतो. एका काउंटरमधून सिग्नल आला की त्याचा व्हॉल्व्ह बंद होतो, पण उरलेले दोघे करंट ओढतच राहतात, त्यामुळे व्होल्टेज फारसा हलत नाही. तिन्ही एकाच वेळी बंद झाले, तरच व्होल्टेज झटकन वर उडी मारतो. पहिला होय, दुसरा होय आणि तिसराही होय, तरच होय. काउंटर वाढवायचे? आणखी एक व्हॉल्व्ह जोडा.

इंजिनिअरिंगला असताना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आम्ही ७४०८ नावाची चिप ब्रेडबोर्डवर लावून अँड गेटचा ट्रूथ टेबल भरायचो. दहा मिनिटांचं काम, जर्नलवर सही, पुढचा प्रयोग. पहिल्या उपयोगी इलेक्ट्रॉनिक अँड गेटपैकी एक आकाशातून येणारे कण मोजायला बनलं होतं, हे तेव्हा कळलं असतं तर त्या टेबलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

तीन काउंटर का, याचं उत्तर आकड्यांत आहे. समजा, प्रत्येक काउंटर सेकंदाला १०० वेळा वाजतो, आणि सर्किट एक मिलिसेकंदाच्या आत आलेल्या सिग्नलना ‘एकाच वेळी’ समजतं. दोन काउंटर असतील तर निव्वळ योगायोगाच्या गाठी सेकंदाला सुमारे २० पडतील. तीच मर्यादा एक मायक्रोसेकंदावर आणली, की ५० सेकंदांत एक. आणि त्याच मर्यादेत तीन काउंटर लावले, तर साधारण चार दिवसांत एक. घड्याळ जितकं बारीक आणि साक्षीदार जितके जास्त, तितका कावळा सुटायची शक्यता कमी.

अस्मारातला जास्तीचा आकडा

या हिशोबातून रोस्सीला एक सवय लागली. कुठल्याही प्रयोगात खोट्या गाठी किती पडतात हे नुसतं गणिताने काढून तो थांबायचा नाही, प्रत्यक्ष मोजून बघायचा. पद्धत सोपी: काउंटर एका रेषेतून हलवून बाजूला पसरवून ठेवायचे, म्हणजे एकच कण सगळ्यांतून जाऊच शकणार नाही. आता ज्या गाठी पडतील त्या योगायोगाच्या. ही तपासणी झाली, की मूळ प्रयोग सुरू.

१९३३ मध्ये तो अस्माराला गेला. एरिट्रिया तेव्हा इटलीची वसाहत होती, आणि अस्मारा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्याही वर आहे. वैश्विक किरण पूर्वेकडून जास्त येतात की पश्चिमेकडून, हे त्याला मोजायचं होतं. नेहमीप्रमाणे त्याने काउंटर पसरवून खोट्या गाठी मोजल्या, आणि आकडा हिशोबापेक्षा बराच जास्त आला.

इथे कोणालाही सहज सुचेल की सर्किट बिघडलंय. लांबचा प्रवास, उंचीवरची हवा, जुने व्हॉल्व्ह. रोस्सीने वेगळी शक्यता लिहून ठेवली: कधीकधी आकाशातून कणांचा एक मोठा झोत एकदम येत असावा, आणि तो एकमेकांपासून दूर ठेवलेल्या काउंटरवर एकाच वेळी पडत असावा. हा प्रश्न पुढे न्यायला त्याला तिथे वेळ मिळाला नाही. १९३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर ओझे आणि सहकाऱ्यांनी काउंटर खूप लांब लांब ठेवून हेच झोत पुन्हा शोधले. आज त्यांना आपण ‘एअर शॉवर’ म्हणतो, आणि उटीजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ ही वेधशाळा तेच मोजते.

त्याच १९३८ मध्ये इटलीतल्या वंशवादी कायद्यांनी ज्यू असलेल्या रोस्सीची पादुआची नोकरी गेली. कोपनहेगन, मँचेस्टर असं करत तो अमेरिकेला पोचला.

मला या गोष्टीतली एक बाब महत्त्वाची वाटते. जास्तीचा आकडा प्रयोगात आला नव्हता, तपासणीत आला होता. तपासणी केलीच नसती तर तो दिसला नसता. आणि ‘तपासणीत थोडं जास्त येतंय, चालायचंच’ म्हणून सोडून दिला असता तरी दिसला नसता.

बटण कोण दाबणार

रोस्सीच्या गटातला जुझेप्पे ओक्यालिनी १९३१ मध्ये केंब्रिजला गेला, आणि सोबत हे सर्किटचं कसब घेऊन गेला. तिथे पॅट्रिक ब्लॅकेट क्लाउड चेंबरवर काम करत होता. क्लाउड चेंबरमध्ये कण गेला की धुक्याची बारीक रेघ उमटते, तिचा फोटो काढायचा. अडचण ही, की चेंबर प्रसरण पावल्यावर क्षणभरच जागा असतो. कण कधी येणार हे माहीत नसताना नुसतं अंदाजाने बटण दाबत राहिलं, तर बहुतेक फोटो रिकामे येतात.

दोघांनी चेंबरच्या वर एक काउंटर ठेवला, खाली एक. दोन्ही एकदम वाजले, म्हणजे कण मधून गेला, आणि त्या सिग्नलनेच चेंबर चालू झाला. कण स्वतःचा फोटो स्वतः काढून घ्यायला लागला. १९३३ मध्ये त्यांनी पॉझिट्रॉनच्या अस्तित्वाला भक्कम दुजोरा दिला तो याच फोटोंवरून. ब्लॅकेटला १९४८ चं नोबेल मिळालं.

इथून गाठ ओळखणाऱ्या सर्किटची भूमिका बदलली. बोथेची फिल्म सगळं नोंदवत होती, निवड नंतर माणसाचे डोळे करत होते. आता निवड आधी व्हायला लागली. ट्रिगर ‘नाही’ म्हणाला, तर नोंद होणारच नाही, आणि काय हुकलं हे नंतर कोणालाही कळणार नाही. चुकीचा ‘होय’ पकडता येतो, तो समोर असतो. चुकीचा ‘नाही’ कुठे सापडणार?

कोलारचं शून्य

हा प्रश्न सगळ्यात तीव्र होतो, जेव्हा उत्तर शून्य येतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रयोग सुरू केले होते. होमी भाभांच्या सांगण्यावरून बी. व्ही. श्रीकंठन या कामात पडले. जितकं खोल जावं तितके वरून येणारे म्युऑन कमी होत जातात, आणि ते किती कमी होतात हे मोजायचं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खाणीच्या सगळ्यात खोल भागात यंत्र सुमारे दोन महिने चालवलं, आणि एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

जमिनीवर आपल्या तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन जात असतो. त्यामुळे जमिनीवर यंत्र जिवंत आहे का, हे तपासायला काही करावं लागत नाही, आकाशच तपासणी करून देतं. खाली ती सोय नाही. दोन महिन्यांचं शून्य म्हणजे खरंच काही आलं नाही, की केबल निघालीये? दोन्हींचा कागद सारखाच दिसतो. म्हणूनच अशा प्रयोगांत कृत्रिम सिग्नल द्यावे लागतात, किरणोत्सारी पदार्थ जवळ नेऊन काउंटर वाजतोय ना हे बघावं लागतं, आणि त्याच्या नोंदी तितक्याच काळजीने ठेवाव्या लागतात. शून्याची किंमत त्या नोंदींवर ठरते.

ते शून्य फार मोलाचं ठरलं. म्युऑनचा गोंगाट इतका कमी असेल, तर न्यूट्रिनो इथेच शोधायला हवेत. टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर प्लास्टिक सिंटिलेटरच्या भिंती समोरासमोर उभ्या केल्या आणि मध्ये निऑनच्या नळ्या लावल्या. दोन्ही भिंतींत एकदम सिग्नल आला, की नळ्यांना उच्च दाबाचा विजेचा धक्का मिळायचा. कण गेलेल्या वाटेवरच्या नळ्या उजळायच्या, आणि फोटो निघायचा. ब्लॅकेटचीच युक्ती, फक्त डोंगराएवढ्या दगडाखाली. १९६५ मध्ये त्यांनी वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा प्रसिद्ध केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत फ्रेडरिक राइन्सचा गट त्याच वेळी त्याच मागावर होता, आणि दोघांचे पेपर काही दिवसांच्या अंतराने आले.

प्रकाशालाही वेळ लागतो

आता एकदम जिनिव्हाला येऊ. सर्नच्या एलएचसीमध्ये प्रोटॉनचे जथ्थे दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा. २५ नॅनोसेकंदांत प्रकाश साडेसात मीटर जातो. ॲटलास हा डिटेक्टर ४४ मीटर लांब आहे. म्हणजे एका टकरीतले कण डिटेक्टरच्या कडेपर्यंत पोचायच्या आत पुढची टक्कर झालेली असते. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, वेगवेगळ्या लांबीच्या केबलमधून आलेले सिग्नल नेमके कोणत्या टकरीचे, हे जुळवणं हेच मोठं काम.

पहिल्या टप्प्याचा ट्रिगर खास इलेक्ट्रॉनिक्सचा असतो. तो काही मायक्रोसेकंदांत ठरवतो, आणि ४ कोटींतल्या साधारण १ लाख घटना पुढे सोडतो. मग संगणकांची फौज त्यातल्या हजारभर ठेवते. बाकी सगळं कायमचं गेलं. यातल्या एका चॅनेलचं घड्याळ एका ठोक्याने मागे असेल, तर त्याचे सिग्नल शेजारच्या टकरीच्या खात्यात जमा होतात. यंत्र थांबत नाही, लाल दिवा लागत नाही. आकडे येत राहतात, फक्त चुकीचे.

म्हणून टकरी सुरू व्हायच्या कितीतरी आधी तपासणी सुरू होते. सीएमएस या डिटेक्टरने २००८ मध्ये आकाशातून येणाऱ्या म्युऑनच्या सुमारे २७ कोटी नोंदी नुसत्या स्वतःला जुळवून घ्यायला जमवल्या. या डिटेक्टरच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचे सिंटिलेटर भारतात बनले आहेत, त्यात टाटा संस्थेचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एलएचसीचा झोत मुद्दाम वाटेतल्या अडथळ्यावर आदळवला, तेव्हा कणांची लाट सगळ्या डिटेक्टरमधून एकदम गेली, आणि त्या लाटेवर हजारो चॅनेलची घड्याळं जुळवता आली. चुकीच्या ‘नाही’वरही थोडा इलाज आहे: काही घटना ट्रिगरला न विचारता, आंधळेपणाने उचलून ठेवायच्या आणि नंतर बघायचं, की यातल्या किती ठेवायला हव्या होत्या.

न्यूट्रिनो लवकर आले

सप्टेंबर २०११. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो तेव्हा जमिनीखालून ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोचत होते. प्रकाशाला या अंतराला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. तिथल्या ‘ओपेरा’ प्रयोगाने जाहीर केलं, की न्यूट्रिनो त्याहून ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. मोजमापातली अनिश्चितता जमेस धरूनही फरक मोठा होता. जगभर बातम्या झाल्या: आइनस्टाइन चुकला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असं दृश्य ओळखीचं आहे. दोन सर्व्हरच्या लॉग एकत्र लावल्या, की कधीकधी उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसतं. तेव्हा कोणी कार्यकारणभाव कोसळला म्हणून ओरडत नाही, घड्याळं बघतो. ओपेराच्या लोकांनीही तेच केलं होतं, महिनोन्‌महिने. अंतर वीसेक सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजलं होतं. २००९ च्या ला’क्विला भूकंपाने डिटेक्टर काही सेंटिमीटर सरकला, हेही त्यांच्या मोजमापात दिसलं होतं. जीपीएसची घड्याळं स्विस आणि जर्मन मापन संस्थांच्या मदतीने तपासली होती. पेपरमध्ये त्यांनी कुठलाही सैद्धांतिक अर्थ लावला नाही, उलट तपासून बघा असं आवाहन केलं. तरीही गटातल्या काहींनी त्या पेपरवर आपलं नाव येऊ दिलं नाही.

विरोधी पुरावाही होता. १९८७ मध्ये दिसलेल्या सुपरनोव्हाचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या जवळपास सोबतच आले होते, फार तर काही तास आधी. ओपेराच्या वेगाने आले असते, तर चारेक वर्षं आधी यायला हवे होते. पण त्यांची ऊर्जा खूप कमी होती, त्यामुळे प्रश्न पुरता मिटत नव्हता. नोव्हेंबरमध्ये सर्नने अगदी आखूड, ३ नॅनोसेकंदांचे झोत पाठवले. २० न्यूट्रिनो पकडले गेले, आणि पुन्हा तेच, सुमारे ६२ नॅनोसेकंद लवकर.

प्रयोग पुन्हा केला, उत्तर पुन्हा तेच आलं. पण दोन्ही वेळा सिग्नल त्याच केबलमधून गेला होता.

जीपीएसचा ॲन्टेना बाहेर, जमिनीवर होता. तिथून वेळेचा ठोका ८.३ किलोमीटर लांबीच्या ऑप्टिकल फायबरमधून खाली डिटेक्टरच्या मुख्य घड्याळाकडे जायचा. या वाटेला लागणारा वेळ आधी मोजलेला होता, आणि हिशोबात तो वजा केला जात होता. डिसेंबरमध्ये तो पुन्हा मोजला, तर सुमारे ७३ नॅनोसेकंद जास्त निघाला. फायबरचा कनेक्टर घड्याळाच्या कार्डात पूर्ण बसलेला नव्हता.

हे कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. केबल तुटली असती तर ठोका आलाच नसता, आणि अर्ध्या तासात कोणीतरी धावत आलं असतं. इथे ठोका येत होता, फक्त प्रकाश कमी पोचत होता. प्रकाश कमी, म्हणून पलीकडच्या सर्किटमधला सिग्नल हळू चढत होता. ठरावीक पातळी ओलांडली की ‘ठोका आला’ अशी नोंद व्हायची, आणि हळू चढणारा सिग्नल ती पातळी उशिरा ओलांडायचा. म्हणजे डिटेक्टरचं घड्याळ मागे पडलं होतं. मागे पडलेल्या घड्याळात पाहुणा नेहमी लवकर आलेला दिसतो. मुख्य घड्याळाचा ऑसिलेटरही किंचित चुकीच्या गतीने चालत होता, पण त्याचा परिणाम लहान आणि उलट दिशेचा होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन्ही गोष्टी जाहीर झाल्या.

मग सगळ्यात सुंदर तपासणी समोर आली. त्याच प्रयोगशाळेत, ओपेरापासून सुमारे १६० मीटरवर, एलव्हीडी नावाचा दुसरा डिटेक्टर होता. डोंगराच्या एका बाजूला दगड तुलनेने कमी आहे, तिथून कधीतरी एखादा म्युऑन जवळजवळ आडवा यायचा आणि दोन्ही डिटेक्टरमधून जायचा. २००७ पासूनच्या नोंदींत असे ३०६ म्युऑन सापडले. एका डिटेक्टरपासून दुसऱ्यापर्यंत जायचा त्यांचा वेळ कायम सारखा असायला हवा. तो २००८ च्या मध्यापर्यंत सारखा होता, मग एकदम सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकला, आणि २०११ च्या शेवटापर्यंत तसाच राहिला. कनेक्टर केव्हापासून सैल होता, हे आकाशाने लिहून ठेवलं होतं. नोंदी दोन वेगवेगळ्या प्रयोगांच्या कपाटांत होत्या, त्या शेजारी ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मार्चमध्ये शेजारच्या इकारस प्रयोगाने आपल्या ७ न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाएवढाच असल्याचं सांगितलं. मेमध्ये पुन्हा आखूड झोत पाठवून ग्रान सास्सोतल्या चार प्रयोगांनी तेच मोजलं. मार्चअखेर ओपेराचे प्रवक्ते अंतोनिओ एरेदितातो आणि समन्वयक दारिओ ऑतिएरो यांनी राजीनामे दिले.

दोन जास्तीचे आकडे

अस्मारातला रोस्सी आणि ग्रान सास्सोतले ओपेरावाले, दोघांसमोर एकच प्रसंग होता. यंत्र म्हणतंय की नको तो आकडा आलाय. एकीकडे तो निसर्ग निघाला, दुसरीकडे कनेक्टर. आकडा बघून आधी सांगता आलं नसतं, कोणता कोण ते. ‘एवढी साधी केबल तपासता आली नाही?’ असं म्हणणं आज सोपं आहे. पण कुठली केबल ते माहीत नसताना शेकडो जोडण्यांपैकी प्रत्येक जण संशयित असतो, आणि बहुतेक संशयितांची चौकशी झालेलीही होती.

मला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्याशा वाटतात. पहिली, तीच तपासणी दहा वेळा केली म्हणून दहा तपासण्या होत नाहीत. नोव्हेंबरच्या प्रयोगाने झोताबद्दलची शंका दूर केली, आणि ते चांगलंच झालं, पण घड्याळाची वाट तीच राहिली. ती उघडी पडली ती वेगळ्या वाटेने आलेल्या साक्षीदारामुळे, आडव्या म्युऑनमुळे. रोस्सीनेही काउंटर हलवले होते, नुसते पुन्हा मोजले नव्हते. दुसरी, सगळ्यात वाईट बिघाड यंत्र बंद पाडत नाही. तो यंत्राला थोडंसं उशिरा बोलायला लावतो.

चूक सापडल्यावर काय होतं, यावर पुढची चूक सापडेल की नाही हे ठरतं. आकडे उघड मांडून ‘आमचं कुठे चुकतंय ते सांगा’ म्हणणाऱ्यांची शेवटी जगभर थट्टा झाली. त्यातून नवीन माणसाने धडा काय घ्यायचा, शंका उघड करायची की गप्प बसायचं? मला वाटतं, केबल सैल राहण्यापेक्षा हा प्रश्न जास्त गंभीर आहे. २०१२ मध्ये अवघ्या काही महिन्यांत उत्तर मिळालं, कारण शंका जाहीरपणे मांडली गेली होती आणि शेजारच्यांनी आपापली कपाटं उघडली.

ओपेरा मुळात वेग मोजायला बांधलेलाच नव्हता. म्युऑन प्रकारचे न्यूट्रिनो वाटेत टाऊ प्रकारात बदलतात का, हे बघणं त्याचं काम होतं. त्या कामाचा पहिला टाऊ न्यूट्रिनो २०१० मध्ये सापडला होता, पाचवा २०१५ मध्ये जाहीर झाला, आणि त्यानंतर हा बदल प्रत्यक्ष दिसल्याचा दावा पक्का झाला. त्याच्या बातम्या फारशा झाल्या नाहीत. फांदी तुटली की सगळे वर बघतात. कावळा रोज येऊन बसतो, त्याची नोंद ठेवणारे थोडेच असतात.